थांबण्याचेही मोल असते

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "आता पुढे काय?" प्रश्न दोन-तीन शब्दांचा, पण उत्तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या सबंध आयुष्याला पुरणारे हवे असते आणि तेही आठ-दहा दिवसांत! टावर चौकातून फ्रीगंजच्या कोणत्याही रस्त्याला वळा, कोचिंग क्लासची पाटी दिसल्यावाचून राहत नाही. पाटीवर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली मोठमोठे आकडे आणि त्याखाली 'प्रवेश मर्यादित, आजच भेटा' अशी सूचना असते. घरी काका, मामा, शेजारी यांचे सल्ले सुरू असतात. मुलगा गणितात बरा असेल तर इंजिनिअरिंग, मुलगी अभ्यासू असेल तर डॉक्टर, दोन्ही नसेल तर कॉमर्स आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स, अशी वर्गवारी झटपट होऊन जाते. ज्याच्याबद्दल हे सारे चालले आहे तो मात्र बहुधा गप्प बसलेला असतो.

या घाईविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी एका मराठी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाची ओळख करून देतो. माणसाने, कारखानदाराने किंवा सरकारने अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. त्यांचे नाव अविनाश कमलाकर दीक्षित.

दीक्षितांचा जन्म ६ ऑगस्ट १९४४ रोजी मुंबईत झाला. १९६३ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजातून बी.एस्सी. केले. विषय होते गणित आणि भौतिकशास्त्र. पुढे इंग्लंडला केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजात जाऊन १९६५ मध्ये त्यांनी गणिताची पदवी घेतली. म्हणजे विशी गाठेपर्यंत अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मग अमेरिकेतील एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेतून १९६८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, ती मात्र अर्थशास्त्रात. त्यानंतर बर्कली, ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज, वॉरिक विद्यापीठ असा अध्यापनाचा प्रवास करून १९८१ पासून ते प्रिन्स्टन विद्यापीठात स्थिरावले आणि २०१० मध्ये तेथूनच निवृत्त झाले. २००१ मध्ये ते इकॉनॉमेट्रिक सोसायटीचे आणि २००८ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले.

मानसन्मानांची यादी येथेच थांबवू. आपल्याला उपयोगी आहे ते त्यांचे काम.

१९७७ साली त्यांनी जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील प्रश्न आपल्या मालव्याच्या माणसाला लगेच समजेल. बाजारात शेवेचे किती प्रकार असावेत? लवंगाची, लसणाची, पालकाची, बारीक, जाड अशी विविधता गिऱ्हाइकाला हवी असते. पण प्रत्येक प्रकारासाठी वेगळी भट्टी लावायची तर खर्च वाढतो, आणि एकच प्रकार मोठ्या प्रमाणावर केला तर स्वस्त पडतो. मग बाजार आपणहून जितके प्रकार देईल ते योग्य असतील, कमी असतील की जास्त? हा प्रश्न दोघांनी गणिताच्या नेमक्या भाषेत मांडला. पुढे देशादेशांतील व्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांना ही मांडणी फार उपयोगी पडली. पॉल क्रुगमन यांना २००८ साली ज्या कामासाठी नोबेल मिळाले, त्यातही तिचा मोठा आधार आहे.

सहलेखक स्टिग्लिट्झ यांना २००१ साली जॉर्ज अकरलॉफ आणि मायकेल स्पेन्स यांच्यासोबत नोबेल मिळाले, ते मात्र वेगळ्या विषयासाठी. तो विषय म्हणजे माहितीची विषमता. विकणाऱ्याला मालाची जितकी माहिती असते तितकी घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजार कसा बिघडतो याचा तो अभ्यास आहे. अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेतले होते. गाडीतील खोट मालकाला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. म्हणून गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांकडे संशयाने बघून भाव पाडते, आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही. बाजारात खोटीच गाडी उरते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कोचिंगच्या पाट्यांकडे वळलो की त्याचे काम पडेल.

आता दीक्षितांच्या ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. १९९४ साली त्यांनी रॉबर्ट पिंडिक यांच्यासह अनिश्चिततेतील गुंतवणुकीवर एक ग्रंथ लिहिला. या विचाराची सुरुवात इतर अभ्यासकांनीही केली होती, या दोघांनी तो सुसूत्रपणे एकत्र मांडला. ग्रंथ अवघड गणिताने भरलेला आहे, पण त्यातले सूत्र घरगुती हिशेबाने सांगता येते.

समजा, एका कुटुंबाने घराचा खालचा मजला मोडून यात्रेकरूंसाठी लॉज काढायचे ठरवले. २०२२ च्या ऑक्टोबरात महाकाल लोक सुरू झाल्यापासून आपल्या गावात असा विचार बऱ्याच घरांत होत असेल. खर्च १० लाख. गिऱ्हाईक चांगले आले तर एकूण १६ लाख हाती येतील, कमी आले तर ६ लाखच. दोन्ही शक्यता सारख्या. नेहमीचा हिशेब काय सांगतो? एका बाजूला ६ लाखांचा फायदा, दुसऱ्या बाजूला ४ लाखांचा तोटा, सरासरी १ लाखाचा फायदा. म्हणजे काम सुरू करा!

पण समजा, एक वर्ष थांबले तर गिऱ्हाईक कसे राहणार हे कळणार आहे. चांगले राहिले तर तेव्हा लॉज काढायचे. एक वर्ष हुकल्यामुळे फायदा ६ ऐवजी ५ लाख होईल. गिऱ्हाईक नाही असे दिसले तर लॉज काढायचेच नाही, तोटा शून्य. आता सरासरी काढा. ५ लाख आणि शून्य यांची सरासरी अडीच लाख. आज उडी मारली तर १ लाख, थांबून पाहिले तर अडीच लाख. मधला दीड लाख हे थांबण्याचे मोल आहे. ते कुणी आणून हातात ठेवत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही इतकेच.

या हिशेबाला तीन अटी आहेत, आणि त्या ध्यानात घेतल्या नाहीत तर सगळा विचार उलटा होतो. पहिली अट अशी की, निर्णय सहज फिरवता येणारा नसावा. मोडलेली भिंत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. निर्णय हवा तेव्हा बदलता येत असेल तर थांबण्यात काहीच अर्थ नाही, करून पाहावे. दुसरी अट, थांबलेल्या काळात काहीतरी नवी माहिती मिळाली पाहिजे. नुसतेच हात बांधून बसणे म्हणजे थांबणे नव्हे, तो आळस झाला. तिसरी अट, थांबण्याचा खर्च झेपणारा असावा. वर्ष हुकल्याने १ लाख जाण्याऐवजी ५ लाख जाणार असतील तर थांबणे परवडत नाही.

पालकहो, हा हिशेब आता मुलाच्या दहावीनंतरच्या निर्णयाला लावून पाहू या.

निर्णय फिरवता येतो का? कागदावर येतो. नवे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आले, त्यात कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती पक्क्या नसाव्यात असे म्हटले आहे. पण प्रत्यक्षात अकरावीत गणित सोडलेल्या मुलाला बारावीनंतर इंजिनिअरिंगचे दार बंदच असते. अर्थशास्त्राचेही तसेच. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित लागते, हे 'अर्थशास्त्र म्हणजे आर्ट्सच की' असे म्हणणाऱ्या अनेक घरांना ठाऊकच नसते. गणिताच्या भीतीने आर्ट्स घेतलेली मुलगी दोन वर्षांनी अर्थशास्त्राच्या प्रेमात पडली तर तिला कोण काय सांगणार? पंधराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाची भिंत पुन्हा बांधता येत नाही असे नाही, पण ती फार महागात पडते.

नवी माहिती मिळणार असते का? भरपूर! पंधरा ते अठरा या वयात मूल जितके बदलते तितके नंतर क्वचितच बदलते. दहावीपर्यंत ज्याला भौतिकशास्त्र म्हणजे सूत्रांची घोकंपट्टी वाटत होती, त्याला अकरावीत एखादे चांगले सर भेटतात आणि सगळे चित्र पालटते. उलटेही घडते. आपल्या मुलाबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती अजून यायची असते, आणि आपण मात्र ती आल्याप्रमाणे वागतो.

येथे दीक्षितांच्या वाटचालीकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. भौतिकशास्त्र, मग गणित, मग अर्थशास्त्र. वाट बदलली, पण मागचे वाया काही गेले नाही. गणित तर त्यांना जन्मभर पुरले. भौतिकशास्त्रही कामाला आले. लोखंडाजवळ चुंबक नेले की लोखंड चुंबकासारखे वागू लागते, आणि चुंबक दूर केल्यावरही तो गुण काही प्रमाणात टिकून राहतो. या गुणाला भौतिकशास्त्रात हिस्टेरेसिस म्हणतात. दीक्षितांनी हाच शब्द आणि हीच कल्पना उद्योगांच्या अभ्यासात वापरली. एकदा पैसा घालून धंद्यात उतरलेला माणूस, ज्या भावामुळे तो उतरला तो भाव गेल्यावरही लवकर बाहेर पडत नाही. पडलेल्या भावातही दुकान चालवत राहतो. का, याचा नीट हिशेब त्यांनी मांडून दाखवला.

कुणी म्हणेल, एका दीक्षितांवरून नियम कसा काढता? बरोबर आहे, काढूच नये. वाट बदललेल्या आणि यशस्वी झालेल्या एका माणसाचा फोटो दाखवून 'तुम्हीही असेच करा' असे म्हटले, तर माझ्यात आणि पाटीवाल्यात फरक काय राहिला? त्यांचे चरित्र मी पुरावा म्हणून सांगत नाही. पुरावा त्यांच्या हिशेबात आहे, आणि तो कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. चरित्रातून एवढेच घ्यायचे की ते कधी रिकामे थांबले नाहीत. ज्या विषयात होते तो मनापासून शिकले आणि पुढची दारे उघडी राहतील असा विषय निवडला. थांबणे याचा खरा अर्थ हा आहे.

आता तिसऱ्या अटीकडे, म्हणजे थांबण्याच्या खर्चाकडे वळू. येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ज्या घरात वडील एकटे कमावते आहेत, मुलाने लवकर हाताशी यावे अशी गरज आहे, त्या घराला 'मुलाला सवडीने ठरवू द्या' असा उपदेश करणे सोपे आणि निर्दय आहे. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून तीन वर्षांत कमावू लागणारा मुलगा घाई करतो आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्या घरचा हिशेब त्यालाच जास्त कळतो. आणि ज्या मुलीला आठवीपासून डॉक्टरच व्हायचे आहे, जिची आवड दरवर्षी पक्की होत गेली आहे, तिच्या बाबतीत माहिती आलेली आहे. तिला कशाला थांबवायचे? माझे म्हणणे त्या घरांसाठी आहे जिथे तशी गरज नाही, मुलाची तशी आवडही नाही, तरीही घाई आहे.

मग ही घाई येते कुठून? मला वाटते, ती दोन ठिकाणांहून येते.

पहिले कारण शेजारी. दीक्षितांनी बॅरी नेलबफ यांच्यासह १९९१ साली सामान्य वाचकांसाठी डावपेचांवर एक पुस्तक लिहिले. त्या शास्त्राला गेम थिअरी म्हणतात. माझा निर्णय माझ्या एकट्याचा नसतो, समोरचा काय करील यावर तो ठरतो आणि त्याचा माझ्यावर, असा त्याचा गाभा. श्रावणातली महाकालाची सवारी आठवा. रस्त्याच्या कडेला सगळे शांतपणे बसले असते तर प्रत्येकाला पालखी दिसली असती. पुढचा एकजण उठून उभा राहतो. त्याच्या मागच्याला उठावेच लागते, मग त्याच्याही मागच्याला. कुणी स्टूल आणतो, कुणी मुलाला खांद्यावर घेतो. शेवटी सगळे उभे, सगळ्यांचे पाय दुखतात आणि दर्शन बसून जेवढे झाले असते तेवढेच होते. यात वेडा कुणीच नाही, प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच आहे. पण सर्वांचा मिळून वेडेपणा झाला आहे.

कोचिंगचे नेमके हेच झाले आहे. अमक्याने अकरावीत लावला म्हणून तमक्याने दहावीत, मग नववीत, आता सातवी-आठवीच्या मुलांना 'फाउंडेशन'. जागा तेवढ्याच आहेत. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरात २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. सगळी मुले चौथीपासून कोचिंगला घातली तरी जागा सव्वा लाखच राहतील. मात्र एकट्या घराने 'आम्ही बसतो' म्हणून भागत नाही, कारण बसणाऱ्याला खरोखरच काही दिसत नाही. दहा-वीस घरांनी मिळून बसायचे ठरवले तरच काही होते. शाळा आणि समाज ही तशी एकत्र ठरवण्याची जागा आहे, म्हणून हे शाळेच्या पत्रिकेतच लिहिले पाहिजे असे मला वाटले.

दुसरे कारण म्हणजे अपुरी आणि एकांगी माहिती. पाटीवर निवड झालेल्या पन्नास मुलांचे फोटो असतात. बसलेली मुले किती होती, हे त्या पाटीवर नसते. ज्यांची निवड झाली नाही त्यांचे काय झाले, ती आज काय करतात, त्यांची प्रकृती कशी आहे, हे कुठेच छापलेले नसते. निवड झालेल्यांपैकी कितीजण तेथे खरोखर दोन वर्षे शिकले आणि कितीजण शेवटचे पंधरा दिवस सराव परीक्षेला आले, हेही कळत नाही. अकरलॉफ यांच्या मोटारींच्या बाजारासारखीच ही गोष्ट झाली. विकणाऱ्याला सारे ठाऊक, घेणारा अंधारात. सरकारलाही हे जाणवले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये आणि खात्रीच्या निकालाची आश्वासने देऊ नयेत, असे त्यांत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या कोचिंग जाहिरातींविरुद्ध नियमावली केली. ज्याचा फोटो छापायचा त्याची निवडीनंतरची लेखी परवानगी हवी आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता तेही सांगायला हवे, असे तिच्यात म्हटले आहे. पालकांनी क्लासमध्ये शिरताना हे प्रश्न विचारावेत. विचारायला संकोच कसला? पैसे आपले आहेत आणि मूलही आपले आहे.

हे सगळे क्लासवाल्यांना सांगताना आपण आरशात पाहायला नको का? निकालाच्या दिवशी शाळा, समाज, मंडळे, आपण सारेच पहिल्या पाच मुलांचे फोटो छापतो. त्यात गैर काही नाही, मुलांनी मेहनत केलेली असते. पण पासष्ट टक्के मिळवून पुढे उत्तम लेखापाल झालेला, बारावीत अडखळून नंतर शेतीत नाव काढलेला, इंजिनिअरिंग सोडून संगीताकडे वळलेली, असे आपले माजी विद्यार्थी मुलांना कधी दिसतच नाहीत. मग मुलांना वाटते की यशाचे रस्ते दोनच, आणि दोन्हींवर तोबा गर्दी.

एकदा या गर्दीत शिरले की बाहेर पडणे अवघड होते, हे त्या लोखंडाच्या उदाहरणावरून लक्षात येईल. फी भरलेली असते, मुलगा कोट्याला किंवा इंदूरला राहायला गेलेला असतो, नातेवाइकांत सांगून झालेले असते. सहा महिन्यांत त्याला कळते की हे आपले काम नाही. घरच्यांनाही कळते. तरी कुणी बोलत नाही. एक वर्ष ड्रॉप, मग दुसरे. 'इतके पैसे घातले, आता मागे कसे फिरायचे?' हा प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा आहे. गेलेले पैसे कोणत्याही वाटेने परत येत नाहीत. पुढे पाहून ठरवायचे असते, मागे पाहून नव्हे. आणि पैशांपेक्षा फार मोठी किंमत ते मूल एकटे मनात मोजत असते. अशा मुलांच्या बातम्या आपण वाचतो, दोन मिनिटे हळहळतो आणि पान उलटतो. ते मूल आपल्या ओळखीचे असू नये असे वाटत असेल, तर परतीची वाट सुरुवातीलाच ठरवून ठेवली पाहिजे. क्लासला घालण्यापूर्वीच घरात एकदा बसून बोलावे : "सहा महिन्यांनी आपण पुन्हा याच टेबलाशी बसू. तुला नको वाटले तर सांग, घरात कुणी एक शब्द बोलणार नाही." हे वाक्य फी भरण्याआधी म्हणायचे आहे, त्याचे मोल तेव्हाच असते.

आता दीक्षितांच्या आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करून आपल्या समाजाकडे येतो. २००४ साली त्यांनी असा प्रश्न अभ्यासला की, जिथे कायदा दुबळा आहे तिथेही व्यवहार विश्वासाने कसे चालतात? त्यांच्या उत्तराचा एक भाग असा : छोट्या समाजात माहिती फिरते. कुणी फसवले तर सर्वांना कळते, म्हणून लोक सचोटीने वागतात. समाज फार मोठा आणि विखुरलेला झाला की ही माहिती पोचेनाशी होते, मग बाहेरच्या नियमांची गरज लागते.

हे वाचताना मला आपले उज्जैनचे मराठी घर आठवले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंद्यांच्या काळात या मालव्यात आले आणि येथलेच झाले. एकमेकांचे मूळ गाव, गोत्र, लग्नसंबंध सगळे ठाऊक असते. कुणाच्या मुलाला किती टक्के पडले हे तर निकालाआधी कळते! मग याच समाजात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले, रेल्वेतले, शिक्षक, व्यापारी, पुरोहित आहेत, आणि मुले-मुली पुणे, इंदूर, बंगळूर ते परदेशापर्यंत पसरलेली आहेत. आपल्या कामात रोज काय करावे लागते, सुरुवातीला पगार किती मिळाला, काय आवडते, कशाचा पश्चात्ताप होतो, हे ही माणसे मुलांना खरेखुरे सांगू शकतात. त्यांना काही विकायचे नाही. जी माहिती बाजारात पैसे देऊनही मिळत नाही ती आपल्या हळदीकुंकवात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात फुकट उपलब्ध आहे. आपण ती टक्क्यांच्या चौकशीत वाया घालवतो.

विश्वस्त मंडळींना माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावचे माजी विद्यार्थी घरी येतात. त्यांतील आठ-दहाजणांना नववी-दहावीच्या मुलांसमोर बसवावे. भाषण नको, हार-नारळ नको, फक्त गप्पा आणि मुलांचे प्रश्न. त्यांत निम्मे तरी असे असावेत ज्यांनी मधेच वाट बदलली. दुसरी गोष्ट, शाळेने आपल्या मुलांची दहा वर्षांनंतरची नोंद ठेवावी. नावे नकोत. अमक्या वर्षी दहावी झालेल्यांपैकी कितीजण कोणत्या कामात आहेत, एवढे एक पान या पत्रिकेत छापावे. कोणत्याही होर्डिंगपेक्षा ते पान पालकांना अधिक शहाणे करील. तिसरी गोष्ट, अकरावीत पहिल्या तिमाहीपर्यंत विषय बदलायला मंडळाच्या नियमांत जेवढी मुभा असेल तेवढी मुलांना मोकळेपणाने द्यावी, आणि बदलणाऱ्याला कुणी बोल लावू नये. यासाठी मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला फार उपदेश करत नाही, तो तुम्हाला घरी पुरेसा मिळतो. एवढेच सांगतो की 'मला अजून ठरवता येत नाही' हे लाजिरवाणे उत्तर नाही. पण त्याच्या पुढचे वाक्य तयार हवे : 'आणि ठरवता यावे म्हणून मी हे हे करतो आहे.' एखाद्या दवाखान्यात चार दिवस बसून पाहा, एखाद्या सी.ए.च्या कार्यालयात जाऊन या, आवडीच्या विषयाचे अभ्यासक्रमाबाहेरचे एक पुस्तक वाचा. शक्य असेल तोवर गणित सोडू नका, ते पुष्कळ दारांची किल्ली आहे. भाषाही सोडू नका, आपली आणि इतरांचीही. ज्याच्याजवळ माहिती गोळा करण्याची सवय आहे त्याचे थांबणे फुकट जात नाही.

आपले गाव काळ मोजणाऱ्यांचे आहे. येथे जंतरमंतर आहे, प्राचीन ज्योतिषी पृथ्वीची मध्यरेखा येथूनच धरत, आणि चौकातल्या टावरवर घड्याळही आहे. वेळेची किंमत आपल्याला कुणी शिकवावी असे नाही. पण वेळ वाचवणे आणि वेळ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येत्या निकालानंतर मुलाला आठ-दहा दिवसांऐवजी थोडा अधिक वेळ, खरी माहिती आणि परत फिरण्याची मोकळीक द्यावी, ही सर्व पालकांना आग्रहाची विनंती. आणि दिवाळीच्या त्या गप्पांसाठी पहिल्या पाच माजी विद्यार्थ्यांना गाठून आणण्याचे काम मी माझ्याकडे घेतो. बाकीच्यांसाठी वाचकांनी शाळेच्या कार्यालयात नावे सुचवावीत.